अंगदच्या ट्रेलरला कंपनीचं बोलावणं

...आन् मला सांगा, दोष त्याच्या ट्रेलरात आन् मानबी त्यालाच, ह्यो कुठला न्याय हाय? चांगल्या मानसाला कुनी इचारत न्हाई हे मला ठाव हुतं, पर चांगल्या ट्रेलरलाबी कुनी इचारत न्हाई हे ह्या अधिक महिन्यात कळलं. हसताय काय? तुमच्या साडूला आलंय का कवा कंपनीचं बोलावनं? न्हाई ना? मग गप ऐका.

तर साडू म्हंजी अंगद. सोनईचा. माझ्या बायकूची, सवितीची, धाकटी भन रुपाली, तिचा नवरा. आमी दोघांनी एकाच दसऱ्याला, एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे ट्रेलर घेतले. चाळीस फूट लांब, वर नुसता सपाट पत्रा, त्याच्यावर कारखान्याची मशिनं ठिवायची, पट्टा टाकायचा, पट्टा कडेच्या कड्यांना आवळायचा आन् निघायचं. मी केडगावचा, रोज नागापूरच्या एमायडीसीत माल भरनारा, मला लोखंड कळतं हो. पयल्याच फेरीला कडी हलवून बघितली आन् म्हनलं, ही कडी न्हाई, ही नाकातली चमकी हाय. तवाच आसाराम वेल्डरकडनं सगळ्या कड्या काढल्या आन् अंगठ्याएवढ्या जाड बसवून घेतल्या. अंगदला म्हनलं, तूबी बसव. तर त्यो कसा बोलतो, मान जरा वाकडी करून, "ऱ्हाऊ द्या साडू, कंपनीपरीस तुमाला जास्त कळतं व्हय?" म्हनलं बरं बाबा, तुझी कडी, तुझं नशीब.

झालं. आला अधिक महिना. तीन वर्सांनी एकदा येतो, जावयाचा महिना. सासुरवाडीला जायचं, पाटावर बसायचं, सासूनं ओवाळायचं, पुरनाचे धोंडे खायाचे, तेहतीस अनारसे घिऊन घरी यायचं. मी थोरला जावई. आजपतूर चार अधिक महिने झाले, पयला पाट माझा. दुसरं मला आयुष्यात काय पयलं मिळालं न्हाई, शाळंत न्हाई, भावकीत न्हाई, पर तेवढा पाट माझा हुता. आन् औंदा जाऊन बघतो तर पयल्या पाटावर अंगद, मांडी घालून, म्होरं रांगोळी, आन् हातात कागद.

"साडू," म्हनला, "रिकॉल आलाय."

मला वाटलं पोलिसाचं काय हाय. तर न्हाई. कंपनीचं पत्र. माल बांधायच्या कड्यात दोष सापडलाय, वळनावर तुटून माल रस्त्यावर पडू शकतो, कोन मरू शकतं, तरी आपला मौल्यवान ट्रेलर नागापूरच्या शिबिरात घिऊन यावा, आमी फुकट दुरुस्त करून देतो, गैरसोयीबद्दल माफी असावी. माफी! तुमाला सांगतो, माझी आजवर कुनी माफी मागितली न्हाई. सख्ख्या भावानं न्हाई. आन् ह्याची अख्ख्या कंपनीनं मागितली, छापून, सहीशिक्क्यानिशी. शिबिरात जेवान, टोपी, आन् ट्रेलरच्या मालकाचा फोटो काढनार. आमच्या सासूबाई, बनुबाई, साधी बाई, तिला रिकॉल काय कळतं? पाच गावाच्या बायका गोळा करून सांगत हुती, "धाकल्या जावयाला कंपनीनं बोलीवलंय. पत्रात मौल्यवान लिवलंय." आन् माझ्याकडं वळून इचारती, "थोरलं पाव्हनं, तुमाला न्हाई बोलीवलं व्हय?"

आता काय सांगू? एकच कंपनी, एकच दसरा, एकच रंग. मंग आमच्या ट्रेलरला काय धाड भरलीया?

हातातला अनारसा परत ताटात ठिवला. व्हय, जळलो मी. कशाला खोटं बोलू. घरी आलो, गाडीवर लिवलेला कंपनीचा नंबर लावला. तिकडनं एक पोरगी, लई गोड आवाज, "नमस्कार सर, मी आपली काय मदत करू शकते?" म्हनलं, ताई, माझा रिकॉल ऱ्हायलाय. तिनं टकटक टकटक केलं. "सर, मागच्या सर्व्हिसिंगला आपल्या ट्रेलरवर मूळ कड्या नव्हत्या. तुम्ही जास्त मजबूत कड्या बसवल्या आहेत. आपला ट्रेलर या मोहिमेत येत नाही." म्हनलं, ताई, नीट बघा, असंल कायतरी दोष. "नाही सर." बारीकसा? "काहीच नाही सर. अभिनंदन."

अभिनंदन म्हनली आन् फोन ठिवला. आता बघा, ज्यानं डोकं चालवलं त्याला अभिनंदन, आन् ज्यानं न्हाई चालवलं त्याला जेवान, टोपी, फोटो. आमच्या ट्रेलरला काय धाड भरलीया, हे इचारायचं तरी कुनाला?

मंग मला आठवलं. जुन्या कड्या फेकल्या कुठं हुत्या मी? कोंबड्याच्या खुराड्यामागं पोत्यात पडल्या हुत्या. काढल्या, धुतल्या, घेतलं पोतं आन् गेलो आसारामकडं. आसाराम म्हंजी मोजून बोलनारा मानूस, दिसातून चार शब्द. त्यो माझ्याकडं बघतो, पोत्याकडं बघतो, परत माझ्याकडं बघतो. "मच्छिंद्रभाऊ, दुनिया वाईट काढून चांगलं बसवती." म्हनलं, तू बसव. "पाप लागंल." म्हनलं, मला लागंल, तू बसव. सवितीला कळलं तवा तिनं कपाळाला हात लावला. "अवो, लोक दोष झाकत्यात, तुमी घाम गाळून तयार करताय?" तिला म्हनलं, तुझ्या भनीच्या नवऱ्यानं काय केलं त्याचं? फुकट बसला आन् मान मिळाला. निदान मी कष्ट तरी करतोय.

शिबिराचा दिस उजाडला. आता माझंच नशीब बघा. सासूबाईंनी केडगावात लोखंडी कपाट घेतलं हुतं, आरशाचं, आन् सवितीला फोनवर सांगितलं, थोरल्या जावयाला म्हनावं येताना घिऊन या. म्हनलं बरं हाय, नागापूर वाटंतच हाय, आधी रिकॉल, मंग कपाट. चाळीस फुटाच्या ट्रेलरवर मधोमध एक कपाट उभं केलं. पट्टा टाकला, कड्यांना आवळला. आडवं ठिवायचं न्हाई का, असं तुमी इचाराल. मला आसारामनंबी इचारलं. पर आरशात मागचा रस्ता दिसत हुता, लई झकास दिसत हुतं, म्हनलं ऱ्हाऊ दे.

एमायडीसीच्या वळनापतूर कायबी झालं न्हाई. आत वळलो, तर कंपनीचा मांडव, निळ्या टोप्या, आन् म्होरं अंगद, टोपी घालून, एका हातात नवी कडी, फोटोवाला म्हनतोय, "जरा हसा." त्यानं मला बघितलं. मी त्याला दाखवायला जरा झोकात वळवला ट्रेलर. आन् टन् करून आवाज आला.

एकच आवाज. कडी तुटली, पट्टा सुटला, कपाट पत्र्यावरनं सरकत गेलं आन् शेजारच्या पान्याच्या कोरड्या चारीत तोंडावर पडलं. मानूस न्हाई, जनावर न्हाई, कुनाला खरचटलंसुदिक न्हाई. पर पाच पावलावर चहावाला उभा हुता. तवा मला त्या पत्रातली वळ कळली, कोन मरू शकतं लिवलेली. जेवान आन् टोपी वाचताना ती वळ मी गाळली हुती बघा. मी खाली बसलो. अंगद टोपी टाकून पळत आला, आधी माझे खांदे चाचपले, "लागलं का साडू?" म्हनला. तेवढ्यापुरता मला त्यो बरा वाटला.

इंजिनेर आला. त्यानं तुटकी कडी उचलली, वेल्डिंग बघितलं. "ही तर परत बसवलेली आहे. कुणी बसवली? का?" म्हनलं, साहेब, खरं सांगू का, मला बोलावनं आलं न्हवतं. त्यो फोटोवाल्याला म्हनला, "इकडे या." माझा फोटो काढला, हातात तुटकी कडी, मागं चारी, चारीत कपाट. वर आसारामनं बसवल्या हुत्या तसल्याच जाड कड्या कंपनीनं फुकट बसवून दिल्या. सासूबाईंनी कपाट बघून एवढंच म्हनलं, "आरसा तेवढा नवा आना."

आता महिना झाला. ट्रेलर झ्याक हाय, बोलावनं न्हाई, चिंता न्हाई. पर कंपनीनं फोटो छापलेत, सगळ्या सेंटरच्या भिताडावर. अंगद हाय सतरा जनांच्या घोळक्यात, टोपीखाली, वळखू येत न्हाई. आन् मी एकटाच, दारासारखा मोठा, रंगीत, खाली लाल अक्षरात लिवलंय, "असे करू नका." पार मनमाडपतूर डायवर मला वळखत्यात. रुपालीनं सवितीला फोन केला, म्हनं आमचं मानूस दोन दिस धड जेवलं न्हाई.

काल अंगदच आला. चहा झाला, पानी झालं, इकडचं तिकडचं झालं, मंग जवळ सरकून हळूच म्हनतो, "साडू, त्या फोटोसाठी कुनाला भेटावं लागतं?"

दिला बाबा इंजिनेरचा नंबर. जळतंय तर जळू द्या, मला ठाव हाय कसं वाटतं ते.