गॅलरीतून आलेली आजची ओळ

...आणि वर मलाच विचारतात, "अहो, मग सरळ सांगायचं ना!" सरळ? आता यापेक्षा सरळ माणूस काय सांगणार? मी गॅलरीत अडकलोय, आत दूध उतू चाललंय! यात कुठे अलंकार आहे? कुठे रूपक आहे? सांगा ना तुम्ही! पण तुम्हाला सांगतो, मराठीवर प्रेम करणाऱ्या माणसांशी मराठीत बोलायची सोय राहिलेली नाही!

थांबा, सुरुवातीपासून सांगतो. आमचा एक ग्रुप आहे. मोबाइलवर. भाषाप्रेमींचा. कोट्या, यमकं, शब्दांच्या उचापती, दिवसभर हेच. एकाने "सर्दी झालीय" म्हटलं की दुसरा लगेच "मग ग्रुपवर ‘गर्दी’ नको" म्हणणार, तिसरा "दर्दी माणसाला सर्दी शोभते" म्हणणार, आणि ज्याला सर्दी झाली तो शिंकत शिंकत हसणार. औषध कोणी सांगणार नाही. ग्रुपचे प्रमुख म्हणजे एक निवृत्त स्टेशनमास्तर. आयुष्यभर गाड्या वेळेवर सोडल्या, आता आमच्या ओळी सोडतात. त्यांचा नियम असा, की सकाळी नऊच्या ठोक्यानंतर जो पहिला संदेश येईल ती ‘आजची ओळ’. मग बाकीच्यांनी तिला पुढे ओळी जोडत जायचं, डब्याला डबा. आणि त्या तासाभरात, दाद सोडली तर, यमकात नसलेलं काहीही लिहिलं की ते अवांतर! मास्तर ते पुसून टाकतात. दया नाही, माया नाही.

तर त्या दिवशी बायको सकाळीच कामावर गेली. प्रयोगशाळेत आहे ती, आत शिरताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. मी गॅसवर दूध ठेवलं आणि ओला टॉवेल वाळत घालायला गॅलरीत गेलो. अंगावर बनियन, कमरेला लुंगी, एका हातात टॉवेल आणि दुसऱ्या हातात अर्थातच फोन! आदल्या दिवशीच्या कोट्या वाचायच्या राहिल्या होत्या ना! वाचता वाचता दार ढकललं मागे कोपराने... आणि खट्ट! आतली कडी पडली. महिनाभर बायको सांगत होती, "ती कडी सैल झालीय, बघून घे." मी बघत होतोच की. रोज बघत होतो.

काचेतून स्वयंपाकघर दिसतंय, गॅस दिसतोय, पातेलं दिसतंय, आणि पातेल्यात दूध हळूहळू वर यायला लागलेलं दिसतंय. आता दूध गेलं तर गेलं हो, पण ते ज्योतीवर सांडणार, ज्योत विझणार आणि गॅस घरभर सुटणार! खालून एक बाई चालल्या होत्या, त्यांना ओरडलो, "अहो! अहो बाई!" तर त्या बाईंनी वर बघितलं, हसून हात हलवला आणि गेल्या. काच फोडायला बघितली तर गॅलरीत हत्यार काय? कपड्यांचे चिमटे.

मग आठवलं. आमच्या घराची एक किल्ली डॉक्टरांकडे असते! डॉक्टर म्हणजे दातांचे. आमच्याच इमारतीत खाली दवाखाना आहे त्यांचा. लावला फोन. कट केला. पुन्हा लावला. पुन्हा कट! आणि गंमत बघा, फोन उचलायला ज्यांना वेळ नाही ते डॉक्टर ग्रुपवर मात्र हजर! नावाखाली दिसतंय ना, लिहिताहेत, लिहिताहेत... म्हटलं, ठीक आहे, ग्रुपवर तर ग्रुपवर. टाकला संदेश. ‘मी गॅलरीत अडकलोय, आत दूध उतू चाललंय.’

नऊ वाजले होते.

मास्तरांचा लगेच शेरा: "वा! आजची ओळ वेळेवर सुटली. आटीव आहे!" आटीव? अहो, दूध आटत नाहीये, उतू चाललंय! तेवढ्यात ग्रंथालयवाल्या ताई आल्या. "पन्नाशीनंतर प्रत्येकाचं हेच तर होत आलंय!" त्यावर बदाम, फुलं, टाळ्या. आणि मग डॉक्टर. ज्यांच्याकडे माझी किल्ली आहे ते डॉक्टर! त्यांनी लिहिलं, "खुर्चीत कोणी आ करून बसलंय, मन माझं भलतीकडे चाललंय!" म्हणजे पेशंट समोर तोंड उघडून पडलाय आणि हा माणूस माझ्या दुधावर यमक जुळवतोय!

मी लिहिलं, "अहो खेळ नाही, खरंच अडकलोय!" गायब. "डॉक्टर, किल्ली घेऊन वर या!" गायब. मास्तरांची ताकीद: "अवांतर डबे जोडू नयेत." आता काय करायचं? तिकडे दुधाला काठापर्यंत फेस आलेला! तुम्ही विश्वास ठेवणार नाही, पण मी त्या गॅलरीत, लुंगीवर यमक जुळवलं:

‘कविता नाही, खरंच सांगतो, दार लागलं मागून,
डॉक्टर, किल्ली तुमच्यापाशी, या हो वरती धावून!’

राहिली! पुसली नाही! मला इतका आनंद झाला... आणि मास्तर म्हणतात, "चाल बदललीत, पण चालेल. फक्त दुसऱ्या ओळीत श्वास तुटतो." अहो, माझा तुटतोय श्वास! ताई म्हणाल्या, "दुधाला साय, पण कवीला कोण सहाय? किती एकटेपण आहे हो यात!" आणि डॉक्टर? "किल्ली हे प्रतीक फार आवडलं. इथे डॉक्टर म्हणजे काळ, बरोबर ना?" काळच! माझा काळच आहात तुम्ही! तुम्हाला सांगतो, मराठीवर प्रेम करणाऱ्या माणसांशी मराठीत बोलायची सोय नाही!

आणि त्याच क्षणी आत दूध गेलं. भस्सकन. ज्योत विझली.

मग माझं डोकं फिरलं. विनवणी करून झाली, यमक जुळवून झालं. मी जे सुचलं ते लिहिलं: ‘डॉक्टर, तुमची ओळ आयती, दुसऱ्याची ढापलेली!’ मास्तर पुसायलाही विसरले. एक टाळी नाही, एक फूल नाही. आणि जिन्यावर पावलं वाजली! धाड धाड धाड! बेल वाजली, मग किल्ली फिरली, आणि डॉक्टर आत! तोंडाला मास्क, हातात ते दातांत घालायचं आकड्यासारखं हत्यार, डोळ्यांत अंगार. सरळ काचेपाशी आले आणि पलीकडूनच सुरू झाले, "ढापलेली? माझी ओळ ढापलेली? सिद्ध करा! आत्ता सिद्ध करा!" मी इकडून नाचतोय, "गॅस! गॅस!" ते तिकडून, "विषय बदलू नका!"

त्यांच्यामागे पेशंट आला होता. गळ्याला कागदी रुमाल, गालात कापूस, अर्धं तोंड बधिर. बिचाऱ्याला वाटलं असेल, डॉक्टर पळाले म्हणजे आपल्या दाढेतच काहीतरी भयंकर निघालं. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा हुंगलं, म्हणाला "गॅ...गॅ..." आणि धावत जाऊन बटण बंद केलं, खिडकी सताड उघडली आणि येऊन माझी कडी काढली. मला रडूच आलं. मी त्याचे हात धरले. त्या सगळ्या सकाळीत ज्याला एक शब्द धड बोलता येत नव्हता, त्या एकट्याला माझं म्हणणं कळलं.

संध्याकाळी बायकोने गॅसची शेगडी बघितली, पातेलं बघितलं, सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "घर उडालं असतं. त्या ग्रुपमधून बाहेर पड. आणि कडी नीट कर." मी म्हटलं, पडतो. शपथेवर सांगतो, मनापासून म्हटलं. तेवढ्यात फोन वाजला. मास्तर! ‘आजच्या सर्वोत्तम ओळीचा मान गॅलरीतल्या कवीला.’ अहो, चार वर्षं झटत होतो त्या मानासाठी! आणि मिळाला कशाला? तर मी कविता केलीच नव्हती त्याला!

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी कडी नीट केली. मग दूध ठेवलं आणि निरोप लिहायला बसलो. ठरवून, नऊच्या खूप आधी. पण ‘सोडतोय’ लिहावं की ‘सोडून जातोय’? ‘अडवू नका’ की ‘थांबवू नका’? निरोपाचं वाक्य आहे, जरा नीट नको का? खोडलं, लिहिलं, खोडलं, शेवटी एकदाचं पाठवलं. ‘मी हा ग्रुप सोडून जातोय, आता मला कोणी अडवू नका.’

किती वाजले असतील? बरोबर!

मास्तर म्हणाले, "वा, सलग दुसऱ्या दिवशी!" आणि खाली डॉक्टरांची ओळ आली: ‘जाण्याआधी गॅस बंद करा, दूध परत चढवू नका.’

माझं बोट ‘बाहेर पडा’वर होतं हो. अगदी टेकलं होतं. पण ओळ चांगली होती. आणि ही तर नक्कीच ढापलेली नव्हती! म्हटलं, तिसरी ओळ तेवढी टाकतो आणि मग निघतो. यमक शोधत होतो... दडवू, घडवू, बुडवू... तेवढ्यात आतून करपल्याचा वास यायला लागला.