गवळणीनंतर टांगा

...आणि वर मलाच म्हणतो, "बाबा, आता कुठलंही गाणं बोट लावलं की सापडेल!" अरे पण हरवलं काय होतं? तुम्हीच सांगा, हरवलं होतं का काही?

तुम्हाला सांगतो, मी बोलतो हळू. जन्माचा हळू. येवल्याला मागावर बसायचो तेव्हा ते चालून गेलं, कारण पैठणी विणणाऱ्याला घाई कोण करणार? वाक्य सकाळी सुरू करावं, दुपारच्या भाकरीला संपवावं, ऐकणारी माणसं तिथंच बसलेली. पण इथे गंगापूर रोडला, सहाव्या मजल्यावर, माझं "अरे शेखर, मी काय म्हणतो..." एवढं होईपर्यंत शेखर लिफ्टमधून खाली, गाडीत, सिग्नलला! म्हणून आज तुम्ही सापडलात तर एका दमात सांगून टाकतो. मध्ये उठू नका.

शेखर म्हणजे माझा मुलगा. कंप्युटरमधला. आणि नीटनेटका... किती नीटनेटका? फ्रीजमधल्या डब्यांवर चिठ्ठ्या, चपलांच्या कप्प्यांवर चिठ्ठ्या. सुवर्णा, म्हणजे आमची सून, ती बिचारी स्वयंपाकघरात तूरडाळ बघून घेत नाही हो, वाचून घेते! सगळं जागच्या जागी.

आणि कुसाबाई म्हणजे माझी बायको. तिचं नेमकं उलटं झालंय. तिच्या डोक्यातलं काहीच जागेवर राहिलेलं नाही. विसरायचा आजार, वाढतच जाणार म्हणाले डॉक्टर. शेखर ऑफिसातून आला की मला म्हणते, "अहो, पाव्हणं आल्यात, चहा टाका." पोटचा पोरगा! तो हसतो, पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसतो, चहा पितो, आणि मग बाथरूममध्ये जाऊन उगीच नळ सोडून ठेवतो.

पण एक गोष्ट राहिली होती तिच्याजवळ. एकच. कॅसेट.

येवल्यात यादव म्हणून एक टेपवाला होता. त्याला कोरी कॅसेट द्यायची, गाणी सांगायची, तो भरून द्यायचा. आता यादव काय क्रम लावून भरणारा माणूस होता? हाताला येईल ते लावायचा! गवळण, तिच्यामागं हिंदी टांग्याचं गाणं, टांग्यामागं कव्वाली, आणि कव्वालीला चिकटून पाळणा! इकडे कव्वालानं शेवटची टाळी मारली की तिकडे बाळ झोपायचं. आणि शेवटी उरलेल्या जागेत एक लावणी, तीही अर्धीच... बाई नटूनथटून दारापर्यंत येते आणि कट्! पट्टी संपली. त्या बाईनं पुढं दार उघडलं की नाही, आमच्या घरात आजवर कुणाला ठाऊक नाही.

मी मागावर, कुसाबाई बाजूला चाकावर रेशमाच्या कांड्या भरतीय, मध्ये टेप. लाइट गेली की टेप सेलवर. सेल उतरले की गाणारी बाई एकदम बाप्यासारखी गायला लागायची, मग कुसाबाई म्हणायची, "अहो, टेप वढतीय. सेल उतरल्यात." सेल काढायची, पत्र्यावर उन्हात घालायची, पापड वाळत घालावेत तसे. थोड्या वेळानं परत टेपात घातले की गायची की हो बाई नीट!

असं वर्षानुवर्षं ऐकून झालं काय, की गवळण संपली, की मधल्या त्या खरखरीतच कुसाबाई टांग्याचं गाणं गुणगुणायला लागायची. टांगा यायच्या आधी ही टांग्यात! माहेर विसरली, नाशकाला कधी आलो ते विसरली, माझं नाव तर जाऊन येऊन असतं... पण गवळणीनंतर टांगा, हे नाही विसरली. कॅसेट झिजली तेव्हा मी ती एका दुकानातून पेन ड्राइव्हवर भरून आणली होती. कॅसेटची एक बाजू म्हणजे एक लांबच्या लांब गाणं, दुसरी बाजू दुसरं. खरखरीसकट! रोज नाश्ता झाला की लावायचो. गाणं संपायचं, खरखर सुरू व्हायची, आणि तेवढ्या खरखरीत माझी कुसा घरी यायची. घटकाभर. मला तेवढी पुरत होती.

तो पेन ड्राइव्ह शेखरला दिसला. एका रविवारी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला.

"बाबा, हे काय हो? एवढ्या लांब दोन फाइली! आईला एखादं गाणं हवं असलं तर तुम्ही काढणार कसं? मी सगळी सुटी करतो आणि जॉनरप्रमाणे लावतो."

"जॉनर म्हणजे?"

"प्रकार, बाबा."

"मग प्रकार म्हण की."

"बरं, ही गवळण. भक्तिगीत की लोकगीत?"

मी विचार करायला लागलो. कृष्ण आहे म्हणजे भक्ती, पण तो त्यात माठ फोडतो, ती त्याला शिव्या देते, आता ह्याला भक्ती म्हणावं की... तोवर हा पुढं पाच गाणी! पाळण्यापाशी अडला. म्हणाला, "कंप्युटर ह्याला रॉक म्हणतोय." म्हटलं, त्या कंप्युटरला कुणी कधी झोपवलं नसेल रे. तेही माझं बोलून होईपर्यंत पाळणा 'इतर'मध्ये जाऊन पडला!

संध्याकाळी मला दाखवलं. एकेक कप्पा, त्यावर इंग्रजीत नाव, आत गाणी. मधली खरखर पुसून काढली. "नॉइज होता, बाबा." अर्धी लावणी काढून कुठूनतरी पुरी आणून घातली. आणि त्या दोन लांब फाइली? "त्या कशाला ठेवायच्या, नुसती जागा अडवत होत्या." कंप्युटरच्या कचऱ्याच्या डब्यातून परत काढता येतात म्हणे. तोही रिकामा केला होता त्यानं! आणि मूळ कॅसेट तर ह्या फ्लॅटवर येतानाच जुन्या वायरींबरोबर भंगारात गेलेली. सगळं जागच्या जागी!

सोमवारी नाश्ता झाला, मी पेन ड्राइव्ह गाण्याच्या डब्याला लावला. गवळण झाली. कुसाबाईनं मान हलवली, टांग्याचं गाणं धरलं... आणि डब्यातून दुसरी गवळण! ती थांबली. दुसरी संपली, तिसरी गवळण. एका सकाळी किती माठ फोडायचे त्या कृष्णानं? मी घाईघाईनं बटणं दाबली, तर लावणी लागली. बाई दारापर्यंत आली, दार उघडलं, आत शिरली, आणि आत जाऊन बोलायला लागली! कुसाबाईनं माझा हात घट्ट धरला. "अहो, ही बाई कोण घरात शिरली?"

मग माझ्याकडं बघून अगदी हळू म्हणाली, "चुकले का हो मी?"

तिला वाटलं, तीच चुकली. गाणं बरोबर आहे, आपणच विसरलो. आजवर जे एक आपल्याला नक्की येत होतं, तेही गेलं... अहो, तिच्या चेहऱ्याकडं बघवेना मला.

तुम्ही म्हणाल, क्रम सांगून परत लावून घे. कुठला क्रम? माझे डोळे पैठणीच्या पदरातल्या मोरावर असायचे, कान तिचे होते! आणि तिला तरी असा विचारून सांगता येतो का? एक गाणं संपलं की पुढचं येतं तोंडात, तेही तेव्हाच. ते मी ऐकायचं, सुवर्णाला हाका मारायच्या, ती पोळी तव्यावर टाकून यायची, "बाबा, हे फिल्ममध्ये असेल... नाही, कव्वालीत बघा..." तोवर हिचं गुणगुणणं विझलेलं.

शेखरला मला सांगायचं होतं, की बाबा रे, पदरावरच्या मोराचे हिरवे धागे काढ, एका डब्यात भर. लाल दुसऱ्या डब्यात. जरीची तार तिसऱ्यात. छान लागलं सगळं प्रकारवार. आता मला सांग, मोर कुठाय? ...पण हे वाक्य माझं तयार झालं मंगळवारी, आणि तो मंगळवारी पुण्याला.

आणि सांगून तरी काय करू? रविवार घालवला पोरानं. आईचं डोकं लावून देता येईना, म्हणून तिची गाणी लावून दिली. त्याला कोणत्या तोंडानं बोलू, की तुझ्या आईचं उरलंसुरलं होतं ते तू नॉइज म्हणून पुसलंस? तो पुन्हा नळ सोडून बसेल.

म्हणून बुधवारी मी तो डबा बंदच केला. तिच्याजवळ बसलो आणि स्वतःच गवळण म्हटली. माझा आवाज तुम्ही ऐकताच आहात. हळू... जाड... एकेक शब्द ओढत ओढत शेवटापर्यंत नेला. मग तोंडानं खरखर केली. हसू नका, केली. वाट पाहिली. आता धरेल टांगा...

कुसाबाई उठली. मला खालीवर न्याहाळलं. माझ्या छातीवर हलकेच दोन थापा मारल्या, टेपला मारायची तशा, आणि म्हणाली, "टेप वढतीय. सेल उतरल्यात."

आणि माझ्या हाताला धरून मला गॅलरीत नेलं, खुर्ची ओढली, उन्हात बसवलं. आत जाऊन दारातून बघत राहिली, नीट वाळतोय की नाही.

आता रोज बसतो. उन्ह डोक्यावर आलं की येते, पुन्हा दोन थापा मारते, मी पुन्हा गवळण म्हणतो, ती मान हलवते आणि म्हणते, "अजून नाय. बसा." टांगा अजून आलेला नाही.

आज शेखर घरी होता. बाहेर येऊन म्हणाला, "बाबा, एवढ्या उन्हात काय बसलात? आत तुमची जागा आहे ना."

म्हटलं, राहू दे रे. तुझ्या आईनं लावलंय मला, जागच्या जागी.