अंड्यांवर बसलेली

(समुद्रकाठची वाळूची टेकडी. पुढे दोरी बांधून थोडी जागा राखलेली. पक्षी बघत निघालेल्या घोळक्यामागे दोन बहिणी राहिल्या आहेत. दोघींचेही केस पांढरे.)

धाकटी : ...शिवाय लिफ्ट आहे, ताई. खालीच औषधांचं दुकान. तुझ्या गुडघ्यांना आणखी काय हवंय?

थोरली : विचारून सांगते. आत्ता ते वाळू चढतायत.

सर : मंडळी, अगदी शांत राहायचं. कुजबुजसुद्धा नको. मागे ऐकू येतंय ना?

धाकटी : सगळ्यांत मोठा आवाज यांचाच.

थोरली : बँकेत मॅनेजर होते. निवृत्त झाल्यापासून पक्ष्यांना शिस्त लावतात.

सर : दोरीच्या पलीकडे बघा, डावीकडे, त्या मोठ्या शिंपल्याजवळ. सुरय पक्ष्याची मादी. काळी टोपी, पिवळी चोच. वाळूत जरासा खळगा करून अंड्यांवर बसलीय. गेले तीन रविवार बघतोय मी, जागची हलली नाही. परवाच्या वादळातसुद्धा. याला म्हणतात आई.

थोरली : खरंय, सर. फार चिकाटीची आहे.

सर : बाई, तुमच्यासारखी कदर करणारी माणसं कमी. ही दुर्बीण घ्या, बहिणीलाही दाखवा. मी तोवर पुढच्यांना पाण्याच्या कडेपर्यंत नेऊन आणतो.

धाकटी : बघू. कुठेय? हां, दिसली. छान आहे.

थोरली : एवढ्यात झालं? चिमे, तू पक्षी बघायला एवढ्या लांबून आलीस ना?

धाकटी : बघतेच आहे की.

थोरली : सरांना काय सांगितलंस, म्हणे लहानपणापासून आवड. लहानपणी तू कोंबडीला भ्यायचीस.

धाकटी : मग काय करू? घरात विषय काढला की तू चहा टाकायला उठतेस. म्हटलं, इथे कुठे उठून जाशील?

थोरली : म्हणजे बेत होता. तुझा का दादाचा?

धाकटी : दोघांचा. मंगळवारी गिऱ्हाईक येतंय आपलं जुनं घर बघायला. तिघांच्या सह्या लागतात. आमच्या दोघांच्या झाल्या.

थोरली : झाल्यासुद्धा?

धाकटी : तसं तोंड करू नकोस. तू माझ्याकडे यायचंस, तुझी वेगळी खोली काढलीय. त्या घरात आता राहतं कोण?

थोरली : मी राहते.

धाकटी : तसं नव्हतं म्हणायचं मला.

थोरली : तसंच होतं, पण असू दे. सुट्टीत तुमची पोरं यायची तेव्हा रात्री पाणी प्यायला उठायची सोय नसायची. कोणाच्या ना कोणाच्या हातावर पाय पडायचा. न्हाणीघरातली वाळू मी खराट्याने नाही, फावड्याने काढलीय. तुझा धाकटा तर खिशात खेकडा घेऊन झोपला होता.

धाकटी : त्याला आता टक्कल पडलंय, ताई.

थोरली : बरंच झालं. टकलाला वाळू चिकटत नाही.

धाकटी : कोणी येत नाही गं आता. तुलाही माहीत आहे.

थोरली : तू आलीस की. हॉटेलात उतरलीस, पण आलीस.

धाकटी : माझी पाठ धरते. तिथली गादी बरी आहे.

थोरली : मी काही म्हटलं का?

धाकटी : हेच तुझं. काही म्हणत नाहीस आणि सगळं बोलून होतं. दे ती दुर्बीण इकडे, पक्षीच बघते... ताई, ही तिरळी आहे का गं?

थोरली : कोण?

धाकटी : ही अंड्यांवरची. एक डोळा चोचीकडे आणि दुसरा आपल्याकडे. अगदी आपल्या आत्यासारखी. डब्यातला लाडू कोणी घेतला म्हणून विचारताना आत्या अशीच बघायची. पापणीसुद्धा हलत नाही बाईची. तू हसतेस काय?

थोरली : ब्रश घसरला गं माझा.

धाकटी : काय?

थोरली : हळू. लाकडाची आहे ती. किनाऱ्यावर पक्ष्यांचं काम करणारी एक मुलगी आहे, तिने आणून दिली. म्हणाली, बाई, तुम्ही शाळेत चित्रकला शिकवायचात, एवढी रंगवून द्या. ओट्यावर बसून रंगवली. दुसरा डोळा काढताना दारावर कुरिअरवाला आला.

धाकटी : आणि हे तीन रविवार लाकडाला आई म्हणतायत?

थोरली : त्यांना सांगायचं नाही हं. बायको गेल्यापासून त्या माणसाला कशाचं एवढं कौतुक वाटलेलं मी पाहिलं नव्हतं.

धाकटी : पण इथे ठेवलीय कशाला?

थोरली : आपल्या लहानपणी या टेकडीवर सुरयांचा थवाच्या थवा बसायचा. जवळ गेलं की डोक्यावर झेप घ्यायच्या. तू डोक्यावर परात धरून पळायचीस, आठवतं? पुढे माणसं वाढली, कुत्री आली, सुरयांनी येणं सोडलं. आता ही एक बसलेली दिसली की वरून जाणाऱ्यांना वाटतं, जागा बरी दिसतेय. मग उतरतात एखाद वेळेस.

धाकटी : आणि नाही उतरल्या तर?

थोरली : नाही तर नाही. लाकडाला काय कळतंय.

धाकटी : हे तू मला पक्ष्याचंच सांगतेयस ना?

थोरली : दुसरं काय सांगू? पक्षी बघायलाच आलोय आपण.

सर : बाई, जरा वाट द्या. मंडळी, इकडे या. दुसरी एक आलीय बघा, तिच्या शेजारीच उतरली.

थोरली : दुसरी? कुठे?

सर : ती सोडा हो, आगाऊ आहे. क्षणभर स्वस्थ नाही. मान वळव, वाळू उकर, इकडून तिकडे पळ. फोटोसुद्धा धड येत नाही. आणि आपल्या बिचारीला उगाच त्रास. हाकलू का?

थोरली : नको, नको. राहू द्या तिला.

सर : हिचं वळण नाही हो तिला.

थोरली : नवी आहे, सर. बघून बघून शिकेल.

सर : तुम्ही म्हणता म्हणून. मंडळी, उजवीकडची सोडा, डावीकडची बघा. बघितलंत? शेजारी एवढी गडबड चाललीय, पण ही ढळली का?

धाकटी : ताई, ही खरी आहे.

थोरली : दे बघू. छे, वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं, धड दिसत नाही. तूच सांग.

धाकटी : छातीने वाळू सारतेय. खळगा करतेय बहुतेक. मध्येच तुझ्या तिरळीकडे बघते आणि परत सारते.

थोरली : डोळ्याचं काही मनावर घेतलेलं दिसत नाही.

धाकटी : दादाला काय सांगू मी?

थोरली : सांग, ताई जागची हलत नाही.

धाकटी : भडकेल तो.

थोरली : भडकून इकडे येऊ दे. किती वर्षांत आला नाही.

धाकटी : हॉटेलची खोली आज सोडली तरी चालेल मला. पण तुझ्याकडे ती जुनी कापसाची गादी. बंद खोलीत ओल आली असेल तिला.

थोरली : नाही आली. सकाळीच उन्हात टाकून आलेय.

धाकटी : म्हणजे मी येणार हे तू धरूनच चालली होतीस.

थोरली : छे गं. मी दर रविवारी टाकते.