कुरमाघराचा दिवा

सभेचे अध्यक्ष, कार्यकारी अभियंता महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना आज आपण निरोप देत आहोत ते कनिष्ठ अभियंता नागसेनभाऊ, चिमूरहून आलेल्या त्यांच्या आई ठमाबाई, आणि मागे सतरंजीवर बसलेल्या कोहमटोल्याच्या बायांनो,

सूत्रसंचालक रोशनसर मला माईकपर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, "साधनाताई, गोडच बोला." प्रयत्न करते. मी कोहमटोल्याच्या आश्रमशाळेत मराठी शिकवते. गोड बोलण्याचा सराव कमी आहे.

आधीच्या वक्त्यांनी सांगितलं की नागसेनभाऊंची सिरोंच्याला बदली झाली ती प्रशासकीय कारणास्तव. कारण मात्र कोणी सांगितलं नाही. ते इथे कोणाला ठाऊक नाही? आणि सिरोंचा ही काय शिक्षेची जागा आहे? तिथे गोदावरी आहे, शेती आहे, माणसं राहतात. एखादं गाव शिक्षा म्हणून वापरताना त्या गावाला काय वाटतं, हे कोणी विचारतं का?

असो. कारण मी सांगते.

कोहमटोल्याला विजेची तार पोचली नाही. मध्ये जंगल आहे. म्हणून घरोघरी सौर संच द्यायचे ठरले. एरवी असा आराखडा कार्यालयात टेबलाशी बसून होतो. घरं मोजायची, प्रत्येकाला सारखाच संच लिहायचा. नागसेनभाऊ मात्र लोकांच्या अंगणात बसले. घरात पहाटे कोण उठतं, चूल कुठे आहे, श्रावणात आभाळ सलग भरून राहिलं तर बॅटरी किती पुरायला हवी, कुठल्या झाडाची सावली कुठे पडते, असं विचारत राहिले. लोक कंटाळले.

गावातले पत्रूभाऊ म्हणाले, "सायेब, एवढं काय पुसता? टीव्ही चालन का, तेवढं सांगा."

त्यांच्या बायको सुकरीबाई आतून म्हणाल्या, "पयले चूल दिसू दे. मंग पाह्यजा तुमची टीव्ही."

नागसेनभाऊंनी त्यांना विचारलं, "बाई, तुम्हाला दिवा सगळ्यात जास्त कुठी पायजे?"

सुकरीबाईंनी गावाबाहेर बोट दाखवलं. तिथे कुरमाघर आहे. पाळीच्या दिवसांत बायांनी जिथे राहायचं ती झोपडी. पुरुषाने तिच्याजवळही जायचं नाही.

पत्रूभाऊ खाली बघत म्हणाले, "ते का घर हाय?"

"नाई त काय? तुमी राहून पाहा चार दिवस."

सुकरीबाईंची मुलगी इतवारी. मागच्या पावसाळ्यात त्या झोपडीत तिला साप चावला. कोणता, हे कोणाला दिसलं नाही. अंधार होता. दवाखान्याच्या वाटेवर ती गेली. माझ्या वर्गात होती. तिचं अक्षर वाईट होतं, ती सुधारणार होती.

नागसेनभाऊंनी आराखड्यात कुरमाघर घातलं. कार्यालयातून उत्तर आलं: घर क्रमांक नाही, सबब ते घर नाही. गावातले पुरुष आणि तुमचं कार्यालय यांचं आजवर कशावर एकमत झालं असेल तर एवढ्यावरच.

तेव्हा सुकरीबाई म्हणाल्या, "माह्या घरचा संच तिथी लावा. घरी चुलीचा उजेड हाय." गावच्या बाया शिडीवर चढल्या. नागसेनभाऊ लांब मोहाच्या झाडाखाली उभे राहून ओरडून सांगत होते, लाल तार कुठे, काळी कुठे. झोपडीशेजारी सागाचा खांब रोवला, त्यावर पॅनल बसलं. संध्याकाळी आत दिवा लागला.

मग तपासणी आली. लाभार्थीच्या घरी संच नाही. अनधिकृत व्यक्तींनी जोडणी केली. हेच ते प्रशासकीय कारण. इतवारी गेली तेव्हा एकही गाडी आली नव्हती. एका दिव्यासाठी दोन आल्या.

आपल्यातले काही सुशिक्षित लोकही नागसेनभाऊंना म्हणाले की अशा प्रथेला दिवा लावणं म्हणजे ती पक्की करणं. त्यांचं उत्तर मी ऐकलं आहे. "प्रथा मोडायला मी तयार आहे. चला, उद्याच जाऊ. पण मोडेपर्यंत त्यांनी अंधारात निजायचं का?" दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर कोणीच गेलं नाही. प्रथा अजून तशीच आहे.

रोशनसर, घड्याळ मलाही दिसतं आहे.

अध्यक्ष महोदय, आपली सही असलेला आदेश गावात आला आहे. सोमवारी माणसं येणार, कुरमाघराचा संच काढून नेणार. आपण मघाशी नागसेनभाऊंना शाल दिली आणि त्यांच्या संवेदनशीलतेबद्दल बोललात. टाळ्याही झाल्या. मला टाळ्या वाजवता आल्या नाहीत. एकाच माणसाचे हात शालही देतात आणि दिवाही काढतात, हे आम्ही कसं समजून घ्यायचं? आदेश मागे घ्यायला एक ओळ पुरेल. आपण ती इथे लिहिलीत, तर मी माझे सगळे शब्द परत घेईन.

नाहीतर काय होईल, तेही सांगते. त्या झोपडीजवळ पुरुषाने जायचं नाही हा नियम मला मान्य नाही. शाळेत मी त्याविरुद्ध बोलते, बोलत राहीन. पण सोमवारी कोहमटोल्याच्या सगळ्या बाया तिथे राहायला जाणार आहेत. म्हाताऱ्याही. आपली माणसं याच भागातली आहेत, नियम त्यांना माहीत आहे. मी सुकरीबाईंना विचारलं, इतक्या बायांची एकदम पाळी कशी, असं कोणी म्हटलं तर?

त्या म्हणाल्या, "ज्याले पुसाचं हाय त्यानं समोर येऊन पुसावं."

नागसेनभाऊ, गावाच्या वतीने तुमचे आभार. ठमाबाई, मुलगा असा वाढवलात, त्याबद्दल तुमचेही. रोशनसरांनी मागितलेला गोडवा काही जमला नाही, तो माझा दोष समजून पोटात घाला. वेळ जास्त घेतला, त्याचीही क्षमा असावी. दिव्याबद्दल जे बोलले, त्याची क्षमा मी मागत नाही. थांबते.