गप्प आणि नष्ट

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या संशोधक बाई, आणि चहाच्या दिशेने कान लावून बसलेले सज्जनहो,

या प्रयोगशाळेच्या छापील मजकुरातील मराठी मी सव्वीस वर्षे तपासली. एखादा ऱ्हस्व-दीर्घ माझ्या नजरेतून सुटल्याचे कोणाला आठवते का? नाही आठवणार.

बाईंनी अकरा वर्षे उंदरांचे मेंदू तपासले. यंत्राचे सुटे भाग धुण्याच्या द्रावकाची वाफ रोज नाकात गेली, की मेंदूतील जनुकांची अक्षरे तशीच राहतात; मात्र काहींचे वाचन थांबते. हा द्रावक वापरणाऱ्या कारखान्यातील कामगारांसाठीच्या पत्रकात त्यांनी लिहिले, 'काही जनुके गप्प होतात.' गप्प व्हायला जनुकांना तोंड असते का? बाई परगावी होत्या. मी 'गप्प'चे 'नष्ट' केले. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष झाले.

पत्रके वाटली गेली. महिन्याने आम्ही दोघे कारखान्यात गेलो. बहुतेकांनी खाते बदलून मागितले होते. एक गृहस्थ मात्र त्याच टाकीपाशी, थरथरत्या हातांनी भाग धूत होते.

"तुम्ही का नाही अर्ज केलात?" बाईंनी विचारले.

"ताई, नष्ट झालं ना? मग आता वाचवायचं काय? पॅकिंगला जागा थोड्या. ज्यांचं शाबूत आहे, ते जाऊ देत."

"नष्ट झालं, असं कोण म्हणालं?"

"तुमचाच कागद. छापलंय की!"

बाई बाकावर बसल्या. "चूक माझी. ती गप्प झालीत, मेली नाहीत. वाफ थांबली तर काही पुन्हा बोलू लागतील."

"काही म्हणजे किती?"

"ते आज नाही सांगता येणार."

"ताई, तुम्ही दुकान टाकलं असतं, तर उपाशी राहिला असतात." दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी अर्ज दिला.

'चूक माझी' या वाक्यातील सर्वनाम चुकले होते. मी शेजारी उभा होतो. दुरुस्त केले नाही. बाईंनीही पुढे तो विषय काढला नाही. फक्त नव्या पत्रकाच्या मसुद्यात 'गप्प'जवळ पेन्सिलीने लिहिले होते, 'कृपया असेच ठेवावे.'

ते गृहस्थ आज तिसऱ्या रांगेत बसले आहेत. शर्टाची बटणे आता ते स्वतः लावतात. वरचे अजून त्रास देते. 'नष्ट' हा शब्द कोणाचा, हे त्यांना आत्ताच कळले.

बाई, अध्यक्ष महोदय, आपले आभार. भाषणातील त्रुटींबद्दल क्षमा मागण्याचा प्रघात आहे. या भाषणात त्रुटी नाहीत. मी दोनदा तपासले आहे. क्षमा मागतो ती तिसऱ्या रांगेची, सहा वर्षे उशिरा. चूक माझी.