हेल्मेटातली दुसरी ओळ

सत्यवती : अगो कल्पिताऽऽ! हलू चालवऽऽ! म्होरं ट्रक हायऽऽ!

कल्पिता : आत्या, ओरडू नकोस! कानाचा पडदा फाटेल माझ्या. हळू बोललीस तरी ऐकू येतं मला. म्हणून तर हे लावलंय.

सत्यवती : कुठं लावलास?

कल्पिता : हेल्मेटच्या आत. तुझ्या दोन्ही कानांशी चपट्या चकत्या आहेत, तोंडापुढे माइक. माझ्या हेल्मेटात पण तेच. मधे वायर नाही, काही नाही. तू पुटपुटलीस तरी थेट माझ्या कानात.

सत्यवती : बग हां. आता पुटपुटते. आला ऐकू?

कल्पिता : आलं.

सत्यवती : मंग सांगते. तुझ्या आयेनी निघताना अलूवडी दिली ती खारट होती.

कल्पिता : हे तिच्या तोंडावर बोलायचं होतंस.

सत्यवती : तिच्या कानात यंत्र नाय ना. आन ही कोन गो बाय? मधीच विंग्रजीत काय बोलली?

कल्पिता : ती यंत्रातली बाई. तुझ्या हेल्मेटची बॅटरी कमी झालीय म्हणते. चार्जिंगला लावायचं राहिलं माझ्याकडून.

सत्यवती : तिला सांग, माझी पन कमी झालीय. गाडी फिरव.

कल्पिता : काय?

सत्यवती : फिरव म्हनते. मना नाय जावाचा.

कल्पिता : आत्या, वडखळ मागे पडलं. आता पोयनाड येईल, तिथून आत वळलं की केसरआत्याच्या दारात. आणि तुझ्या सख्ख्या बहिणीच्या मुलीची हळद आहे. तू नाही गेलीस तर प्रणालीला हळद लावणार कोण?

सत्यवती : लावतील की बाया. हात सगल्यांना हायेत.

कल्पिता : पण गाणार कोण? आपल्यात भटजी उशिरा आला तर चालतो, धवलारीण लागतेच. तूच सांगायचीस ना, धवला गायल्याशिवाय हळदीला हात लावायचा नाही म्हणून? चाळीस वर्षं गातेयस तू.

सत्यवती : गायले तवा गायले. गडबच्या लग्नात काय झाला ते सगल्या तालुक्याला म्हाईत हाय.

कल्पिता : एक ओळ विसरलीस. एवढंच.

सत्यवती : पयली ओल म्हटली आन गप. भर मांडवात. वरमाय हसली. एक पोरगी तर मोबाइल धरून बसलेली. आज केसरच्या मांडवात तसा झाला, तर मी परत कुनाच्या हलदीला बसनार नाय. आताच सांगून ठेवते.

कल्पिता : थांब, नवरीच्या भावाचा फोन येतोय, परेशचा. तुलाही ऐकू येईल, जोडते. बोल रे पऱ्या.

परेश : ताई, आहेस कुठे? इथे फुल टेन्शन आहे. चारला हळद लावायची, आणि डीजेवाला बोलतो, मावशी नसेल तर नो प्रॉब्लेम, पेनड्राइव्हमध्ये धवले रेकॉर्ड आहेत, बटण दाबलं की चालू.

सत्यवती : त्याला म्हनावं, बटन दाबून हलद पन लाव.

परेश : आयला! मावशी? तू कुठून बोलतेस?

सत्यवती : हेल्मेटातून.

परेश : भारी! मावशी, लवकर ये ना. आई सकाळपासून डोकं खातेय. मांडवात दोन पाट मांडून ठेवलेत. माझा पाय अडकून मी पडलो, म्हणून एक उचलायला गेलो, तर झाडू घेऊन मागे लागली. बोलते, हात लावशील तर हात मोडीन.

सत्यवती : दोन मांडलेत?

परेश : दोन. कशाला काय माहीत. ठेवतो, मंडपवाला हाका मारतोय.

कल्पिता : ऐकलंस? आता फिरवू गाडी?

सत्यवती : ... चालव.

कल्पिता : शाब्बास. घसा मोकळा कर जरा. इथे कोण ऐकतंय? मी आणि ती बॅटरीवाली.

सत्यवती : कुठला म्हनू?

कल्पिता : तुझा लाडका. खाडीचा.

सत्यवती : “खाडीपलीकडं दिवा दिसं, दिवा कुनाचा गो...”

कल्पिता : हा टेम्पो बघ कसा आडवा घालतोय. ए दादा, आरसा आहे का घरी? “दिवा माझ्या बायचा, तिच्या नव्या घरचा गो...” चल, गेला एकदाचा.

सत्यवती : “मांडवाला मेढ रोवली, मेढ कोनी रोवली गो...”

कल्पिता : “मेढ रोवली मामानी, भाचीपायी घाम गालला गो.” आत्या, घट्ट धर, पुढे खड्डा आहे.

सत्यवती : गाडी थांबव.

कल्पिता : का? पायात पेटके आले?

सत्यवती : थांबव म्हनते ना. हां. आता सांग, तू काय केलास?

कल्पिता : ओव्हरटेक केला. माझी साइड होती.

सत्यवती : तो नाय. दुसरी ओल उचललीस.

कल्पिता : मी? तोंडातून गेली असेल. लहानपणी प्रत्येक लग्नात तुझ्या मांडीवर झोपायचे मी. झोपेतसुद्धा ऐकलंय ते.

सत्यवती : मी इसरले नवते, कल्पिता.

कल्पिता : कधी?

सत्यवती : गडबला. मना सगला येत होता. मी थांबले. पयली ओल मी इचाराची, दुसरी माझ्या जोडीच्या सगुणानी सांगाची. चालीस वरसं असाच चाललाय. मी इचारते दिवा कुनाचा, ती सांगते माझ्या बायचा. सगुणा गेली त्याला वरीस झाला, पन तोंडाला कुठं म्हाईत हाय? तोंड इचारून गप ऱ्हाते. वाट बगते.

कल्पिता : अगं, मग हे कुणाला सांगितलं का नाहीस?

सत्यवती : काय सांगू? मेलेल्या बायची वाट बगत होते म्हनून?

कल्पिता : मग दोन्ही ओळी तूच म्हण ना.

सत्यवती : आपनच इचाराचा आन आपनच सांगाचा? येड्यासारका दिसतंय. तू बस माझ्या बाजूला.

कल्पिता : अजिबात नाही.

सत्यवती : का? आता तर उचललीस.

कल्पिता : इथे हेल्मेट आहे, कुणी बघत नाहीये. मांडवात पन्नास बायका असतात. चौथीत बाईंनी मला समूहगीतात मागच्या रांगेत उभं केलं होतं, आणि म्हणाल्या, कल्पिता, तू नुसते ओठ हलव. तेव्हापासून मी बाथरूममध्ये पण गात नाही.

सत्यवती : त्या बाईला कानात यंत्र बसवाला पाह्यजे होता.

कल्पिता : हसू नकोस. थांब, आयडिया आहे. हे यंत्र हेल्मेटातून सुटं होतं. एक चकती तुझ्या अंबाड्यात खोवू, कानामागे, वर गजरा. बाकीचं पदराखाली. मी बाहेर गाडीपाशी हेल्मेट घालून उभी राहते. तू विचार, मी तुझ्या कानात सांगते, ते ऐकून तू म्हण. कुणाला कळायचं नाही.

सत्यवती : म्हंजे पेपरात कॉपी करतात तशी?

कल्पिता : तशीच.

सत्यवती : मी शालंत दुसरीपर्यंतच गेले. कॉपी ऱ्हायलेलीच हाय. चल. पन डाव्या कानाला लाव हां. सगुणा डावीकडं बसाची.

(रेवसच्या अलीकडचं गाव. मांडवाबाहेर स्कूटर उभी आहे. कल्पिताच्या डोक्यावर अजून हेल्मेट आहे.)

कल्पिता : हॅलो, आत्या. ऐकू येतंय?

सत्यवती : येतंय. केसर इचारते, गजरा एवढा मोठा कशाला. म्हटला, हौस आली.

कल्पिता : हळू बोल, तुझ्यासमोर बायका आहेत. कर सुरू.

सत्यवती : “पयला मान गो कोनाला, मान कोनाला गो...”

कल्पिता : “मान पालीच्या गनपतीला, त्याच्या शेंदराला गो.”

सत्यवती : “मान पालीच्या गनपतीला, त्याच्या शेंदराला गो.” ... “मांडवाला मेढ रोवली, मेढ कोनी रोवली गो...”

कल्पिता : “मेढ रोवली मामानी, भाचीपायी घाम गालला गो.” मस्त चाललंय आत्या! कोण हसतंय?

सत्यवती : “मेढ रोवली मामानी, भाचीपायी घाम गालला गो.” ... कोन हसत नाय. मामा रडतंय. आता वाटी घेते, प्रणालीला हलद लावाची हाय. खाली वाकते हां.

कल्पिता : लाव. मी आहे. ... आत्या? ... हॅलो? आत्या, खाडीचा घे आता. हॅलो?

परेश : ताई! तू इथे हेल्मेट घालून एकटी काय गातेयस? ते ढोलवाले बघतायत बघ तुझ्याकडे.

कल्पिता : तू आत जा! आत्या का गप्प झाली?

परेश : तेच सांगायला आलो. मावशी वाकली, तर अंबाड्यातून काहीतरी काळं पडलं, डायरेक्ट हळदीच्या वाटीत. आई बोलते, अगो हा काय, रेडिओ? उचललं तर पिवळं झालेलं. मावशीने ते पुसून कमरेला खोचलं आणि गाणं चालू केलं. एक ओळ बोलली आणि थांबली.

कल्पिता : कुठली ओळ?

परेश : ती दिव्याची. खाडीपलीकडची.

कल्पिता : देवा. पऱ्या, धावत जा, तिच्या कानात सांग, दिवा माझ्या बायचा...

परेश : मी? हळदीच्या पाटाजवळ? बायका मला पण पिवळा करतील.

कल्पिता : मग चिठ्ठी दे लिहून.

परेश : मावशीचा चष्मा तुझ्या गाडीच्या डिकीत आहे. आणि तो डीजेवाला बटणावर बोट ठेवून बसलाय. बोल लवकर, लावू का त्याला?

कल्पिता : बायका हसतायत का रे?

परेश : नाही. तीच तर गंमत आहे. कोणच बोलत नाहीये. मावशी डोळे मिटून बसलीये. मगाशी परत तीच ओळ बोलली. ऐक, आता पण तीच. तिसऱ्या वेळी.

सत्यवती : “खाडीपलीकडं दिवा दिसं... दिवा कुनाचा गो...”

कल्पिता : बाजूला हो.

परेश : अगं हेल्मेट तरी काढ! ताई! चप्पल!

कल्पिता : “दिवा माझ्या बायचा... तिच्या नव्या घरचा गो...”

सत्यवती : कोन गो ती? घागरीत तोंड घालून कोन गातंय?

कल्पिता : मी आहे, आत्या. हेल्मेट अडकलंय, पट्टा निघत नाहीये.

सत्यवती : ए डीजेवाल्या, बोट काढ त्या बटनावरनं. परेश, हिचा पट्टा सोडव. हां. आता परत म्हन. मोकल्या तोंडानी.

कल्पिता : आत्या, सगळ्या बघतायत. माझा आवाज फाटका आहे.

सत्यवती : सगुणाचा पन फाटकाच होता. धवल्याला गोड आवाज लागत नाय, वेलेवर आला पाह्यजे. ओठ हलवून झाले तुझे. म्हन.

कल्पिता : “दिवा माझ्या बायचा, तिच्या नव्या घरचा गो...”

परेश : आई गं. प्रणाली रडायला लागली.

सत्यवती : रडूदे. हलदीला नवरी रडली तर धवला लागला म्हनाचा. ये गो, अशी उभी नको ऱ्हाऊ.

कल्पिता : कुठे बसू?

सत्यवती : केसरनी दुसरा पाट, सगुणाच्या जागचा, कशाला मांडला, असा तुना वाटला? बस माझ्या डावीकडं. म्होरला गाना लांब हाय.