माझं सूप, त्यांचा पैला नंबर

माझं माहेर सदलगा. लगीन होऊन निपाणीत आले आन् सासूनं मांडीवर सूप ठेवलं, म्हणली, हात चालला तर चूल चालंल. तवापास्नं विड्या वळतीया. सुपात पानं, तंबाखू, वळायचं आन् दोरा बांधायचा. काय सांगू तुम्हाला, तो वास निस्ता अंगाला न्हाय, भाकरीला लागतो, धुतल्या लुगड्याला लागतो.

आमची रूपा त्याच वासात शिकली आन् बेळगावला मोठ्या कालेजात गेली, आमच्या भावकीत पैलीच. हॉस्टेलात खोलीतल्या पोरी म्हणल्या, तुझ्या कापडास्नी कसला गं वास येतोय, आन् तिची कॉट दारात, वाऱ्यात सरकवली. पोरगी मला तवा बोलली न्हाय. सुट्टीला आली की खोकायची, मी म्हणायची, हवा बदलली आसंल.

मग कालेजात एथनिक डे आला. म्हंजे जुनी कापडं नेसून खेड्यातल्यागत नटायचं. त्याच पोरी म्हणल्या, रूपा, आम्ही विडीवाल्या बायका हुणार, तुझ्या आईचं सूप आण की, इरकल लुगडं बी आण. आन् आमचं येडं पोर हरकून घिऊन गेलं! वाटलं आसंल, आता आपल्याला त्यांच्यात घेत्यात. मला म्हणली, आई, तू बी ये बघायला.

गेले की यष्टीनं. गेटावर वाचमन म्हणला, यारू बेकू, कोण पाहिजे? म्हणलं, पोरीचा कार्यक्रम हाय. त्यानं मला खालवर बघितलं, म्हणला, कामवाल्या बायका मागल्या गेटनं. आन् गजातनं मला दिसतंय काय, माझंच लुगडं नेसून, माझंच सूप मांडीवर घिऊन त्यातलीच एक पोरगी स्टेजवर बसलीया, टाळ्या काय, फोटू काय, पैला नंबर! खरी विडीवाली गेटाभाईर उन्हात. आन् रूपा? स्टेजखाली त्यांच्या चपला राखत उभी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वरडले, आगं, सूप माझं हाय! त्या डीजेत कोण ऐकतंय?

रूपा सूप घिऊन घरला आली ती कापडांच्या पिशवीसकट. म्हणली, आई, मी न्हाय जायाची परत. म्हणलं, का गं? वास त्यास्नी नको आन् बक्षीस पायजे, मग लाज त्यांनी धरायची का आपण? रडली लई. सोमवारी मीच यष्टीत बसवून आले.

कॉट अजून दारातच हाय तिची. सुपाच्या कामट्यांत त्यांच्या नटण्याची चमकी बसलीया, खरडली तरी निघंना. शिकू दे माझी बाय, लई शिकू दे. आन् पुढल्या साली सूप मागाय आल्या तर देणार न्हाय म्या. सुपासंगट मीच जाणार, आन् म्होरल्या गेटनं जाणार.